जुनी पिनबॉल मशीनं: लहानपणी पाहिलीसुद्धा नाहीत, मग एवढी ओढ का?

खाडीपल्याड (धागाकर्ता)
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. म्हटलं इथेच काथ्याकूट करू.

आमच्या घरापासून तासाभराच्या आत अलामेडा नावाचं गाव आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी. तिथे पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे. (पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळ्यावर चेंडू सोडायचा आणि तो खाली जाऊ न देता गुण मिळवायचे, तो खेळ.) म्युझियम असलं तरी 'हात लावू नये' हा प्रकार नाही. दारात एकदा पैसे भरायचे, मग आतली मशीनं हवी तितकी खेळा. आम्ही 'पोरांसाठी' जातो. पोरं नव्या मशीनांकडे पळतात. तिथे पडदा असतो, सिनेमातले संवाद असतात, दिव्यांचा झगमगाट असतो. मी मात्र दर वेळी साठ-सत्तरच्या दशकातल्या मशीनांपाशी अडकतो.

ही इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीनं. आत एकही चिप नाही. सगळा हिशेब रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), सोलेनॉइड (दांडा ओढणारी कॉइल), एक मोटर आणि तारांची जुडगी यांच्यावर. गुण दाखवायला ० ते ९ आकडे छापलेली चाकं फिरतात. चेंडू बंपरला (त्याला उडवून लावणाऱ्या गोल खांबाला) लागला की जी 'टंग' ऐकू येते ती खरोखरच्या धातूच्या पट्टीवर दांडा आपटल्याची.

आता प्रश्न. मी वाढलो नगरला. तिथे असलं काही नव्हतं. माझं पिनबॉल म्हणजे कॉम्प्युटरवर फुकट आलेलं. म्हणजे ह्याला नॉस्टॅल्जिया म्हणता येत नाही. मग काय आहे हे? तुमच्यापैकी कुणाला असं होतं का?

चिमटा
उसना नॉस्टॅल्जिया. अमेरिकेत दहा वर्षं राहिलं की तिथल्या आजोबांच्या आठवणीही आपल्याच वाटायला लागतात. ह.घ्या.

टवाळ_तात्या
पहिला खड्ड्यात! (पिनबॉलच्या धाग्यावर हे म्हणायला फार शोभतं.)

कॉम्प्युटरवरच्या पिनबॉलबद्दल एक शब्दही वाईट ऐकून घेणार नाही. तो अंतराळवाला गेम होता म्हणून आमच्या ऑफिसातली अर्धी पिढी सर्व्हर डाऊन असताना वेडी झाली नाही.

नव्वदीतला
तात्या, त्या गेमचा शेवट माहितीय का? एक्सपीपर्यंत विंडोजबरोबर यायचा, व्हिस्टात गायब झाला. मायक्रोसॉफ्टच्याच एका इंजिनियरने नंतर लिहिलं होतं. ६४ बिटांसाठी कोड नव्याने बांधला तर चेंडू बाकी वस्तूंना लागेचना, भुतासारखा आरपार जाऊन थेट खाली. कोड बाहेरच्यांनी बरीच वर्षं आधी लिहिलेला, त्यात टिपा जवळजवळ नाहीत. चूक सापडेना, म्हणून गेमच काढून टाकला.

टवाळ_तात्या
आमच्या प्रोजेक्टमध्ये अशा फीचरला 'फेज टू' म्हणतात.

माजी_टेलिफोनवाला
नव्वदीतला यांनी सहज सांगितलेल्या गोष्टीतच धागाकर्त्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

मी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. सुरुवातीची वर्षं स्ट्रौजरवर. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही डायल फिरवून ५ सोडलात की पाच ठोके यायचे आणि रॅकमधला सिलेक्टर खटखट करत पाच पायऱ्या वर चढायचा. पुढच्या आकड्याला आडवा फिरायचा. तुमचा नंबर लागला म्हणजे हॉलमध्ये कुठेतरी लोखंड हललेलं असायचं. ते सगळं सामान बंगलोरच्या आयटीआयकडून यायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि हॉल मुका झाला.

मुलगी शिकागोला असते. तिने एका ओळखीच्यांच्या तळघरात १९७० च्या दशकातलं एक पिनबॉल दाखवलं. मालकांनी काच काढून खेळाचा फळा उभा केला आणि मी तिथेच बसकण मारली. तेच रिले, तेच ठोक्यागणिक एक घर सरकणारे स्टेपर, तेच पितळी पट्ट्यांचे स्विच, कापडी वेष्टणाच्या तारा. मला खेळता येत नाही, पण आत काय चाललंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

सांगायचा मुद्दा हा. या यंत्रात बिघाड झाला तर तो दिसतो. चेंडू आरपार जाण्याची सोयच नाही. एखादा स्विच लागत नसेल तर तो न लागताना तुम्ही बघू शकता.

एडिसनची_अनुजा
काका, +१. अलामेडात एक मशीन पूर्ण पारदर्शक केलेलंही आहे ना? लाकडाच्या जागी सगळं आरपार, खेळताना आतली हालचाल दिसते.

खाडीपल्याड
हो हो! त्यापुढे मोठी माणसं जास्त वेळ उभी असतात. एक बाई खेळत होत्या आणि त्यांचे यजमान वाकून नुसते खालची मोटर बघत होते.

गप्पिष्ट
मला कुणी तरी हे यंत्र गुण कसे मोजतं ते सांगा. चिप नाही तर बेरीज कोण करतं?

माजी_टेलिफोनवाला
गप्पिष्ट, बेरीज अशी कुणी करतच नाही. प्रत्येक चाक एका ठोक्याला एक घर पुढे सरकतं, बस्स. दहाच्या चाकावर ९ असताना आणखी ठोका आला तर चाकावरचा एक छोटा स्विच त्या वेळी मिटलेला असतो, तो तोच ठोका शंभराच्या चाकालाही देतो. झाला हातचा.

आता समजा एखाद्या ठिकाणी चेंडू लागला की ५०० मिळतात. मशीनला '५००' हे माहीतच नाही. ते मोटर चालू करतं. मोटरच्या दांड्यावर खाचांच्या चकत्या असतात, त्या एका फेऱ्यात पाच वेळा स्विच दाबतात. शंभराचं चाक पाचदा सरकतं, घंटी पाचदा वाजते. तुम्ही चेंडूकडे बघत असता आणि कान गुण मोजत असतात. १० ची, १०० ची आणि १००० ची पट्टी वेगळ्या सुरांची असते. आणि गंमत म्हणजे हे पाच ठोके चालू असताना चेंडू आणखी कुठे शंभरावर लागला तर पुष्कळदा तो गुण बुडतो, कारण यंत्र हातातलं काम करत असतं.

चिमटा
म्हणजे सरकारी खिडकी. 'आधीचा फॉर्म चालू आहे, थांबा.'

नव्वदीतला
थोडा विरोधी सूर लावतो, नाहीतर धाग्याचं भजन होईल.

कॉलेजला असताना अमेरिकेत नव्वदच्या दशकातली मशीनं खूप खेळलो. १९९२ चं ॲडम्स फॅमिली नावाचं मशीन २०,२७० विकलं गेलं, एवढा खप साठ-सत्तरच्या इलेक्ट्रोमेकॅनिकलपैकी एकाचाही नाही. उतार, चोरवाटा, एका वेळी तीन-तीन चेंडू, गोष्ट पुढे सरकते. त्यापुढे तुमची ती सत्तरची मशीनं म्हणजे चार बंपर, दोन रांगा टार्गेट, संपलं. फळ्याचा उतारही कमी, त्यामुळे चेंडू असा निवांत फिरायला निघाल्यासारखा येतो. दोन-तीन मिनिटांत गेम आटोपतो. लोक म्हणतात 'साधेपणा', मला त्यात कंटाळा दिसतो. आतला खटका सुंदर आहे हे मान्य. पण काच उघडून बघायला सुंदर आणि खेळायला सुंदर या दोन वेगळ्या गोष्टी.

टवाळ_तात्या
पॉपकॉर्न घेऊन बसलो.

सोनचाफा
नव्वदीतला, निम्मं पटलं. पण चेंडू हळू येतो म्हणून कंटाळा हे नाही पटत. हळू येतो म्हणूनच तर तुम्हाला विचार करायला अर्धा क्षण मिळतो. फ्लिपर (बटणाने उचलायचं, चेंडू परत वर मारणारं दांडकं) दाबून धरायचा, चेंडू त्यावर टेकवायचा, मग नेम धरायचा. नव्या मशीनवर माझा चेंडू कुठे गेला हे मला तो गेल्यावर कळतं.

आणि एक खेळाडूचं मशीन आणि चार खेळाडूंचं मशीन यात गल्लत होतेय. गॉटलिब कंपनीने १९५४ मध्ये सुपर जंबो नावाचं पहिलं चार खेळाडूंचं मशीन काढलं. हॉटेलवाल्यांना अशी मशीनं आवडणारच, एका गेमला चौघांचे पैसे. पण चौघांनी कोणती टार्गेटं पाडली हे प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवायचं तर रिले चौपट लागणार. ते परवडत नसे, म्हणून दर चेंडूला बहुतेक गोष्टी पहिल्यापासून. एक खेळाडूच्या मशीनला ही अडचण नाही. पहिल्या चेंडूत पाडलेली टार्गेटं पाचव्या चेंडूपर्यंत पडलेली राहतात आणि शेवटच्या चेंडूला 'पत्त्यांतला फक्त राजा उरलाय' अशी हातघाई होते. तुम्ही बहुधा चौघांचीच खेळला असाल.

नव्वदीतला
सोनचाफा, बार चौघांच्याच मशीनांनी भरलेले असायचे, खरं आहे. एक खेळाडूचं नीट खेळून बघतो. मग भांडायला परत येतो.

मिशिगनकर
नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो. हा धागा बघून अडचण मांडतोय, विषयांतर वाटलं तर वेगळा धागा काढेन.

मी एका निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजमधून एक खेळाडूचं मशीन उचललं, १९७० च्या दशकातलं. कंपनी सांगत नाही, इथे दोन तट पडतील. गॅरेजमध्ये किती वर्षं बंद होतं ते त्यांनाही आठवेना, पण चाकांवर शेवटच्या गेमचे गुण तसेच होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हा माझ्या भावाचा गेम असणार, मला एवढे कधी झाले नाहीत.

तर अडचण. घरी आणून प्लग लावला, दिवे लागले. स्टार्ट दाबलं की मोटर घरघर करत सुरू होते, चाकं शून्याकडे फिरतात आणि मग थांबतच नाही. खटक-खटक-खटक चालूच. शेवटी प्लग काढावा लागतो. बायको म्हणते घरात गिरणी आणलीस.

टवाळ_तात्या
दळण टाकून बघा.

गप्पिष्ट
शिलाई मशीनचं तेल सोडा सगळीकडे. आमच्या घरी पंख्यापासून कुलपापर्यंत सगळ्याला तेच.

माजी_टेलिफोनवाला
गप्पिष्ट, नको नको नको! तेल अजिबात नको, त्यातही स्विचवर आणि कॉइलच्या नळीत तर नकोच. आज सुळसुळीत वाटतं, काही वर्षांनी धूळ धरून त्याचा डिंक होतो.

मिशिगनकर, आधी दोन सुरक्षेच्या गोष्टी. आतल्या कॉइलना २४ किंवा ५० व्होल्टच्या आसपास मिळतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे पूर्ण लाईन आहे. बऱ्याच जुन्या मशीनांना अर्थिंगच नसतं, दोन पिनांची वायर असते. ती आधी बदलून घ्या. आणि फ्यूजच्या जागी कुणी भलताच फ्यूज किंवा सिगारेटची चांदी बसवलीय का ते बघा. नंतर प्रश्न: कोणतं तरी चाक शून्यावर न थांबता फिरत राहतंय, की एखादं चाक मध्येच अडकलंय?

मिशिगनकर
काका, मागचा भाग उघडून बघितलं. तीन चाकं शून्यावर येऊन गप्प बसतात. शंभराचं चाक ४ वर अडकलंय. त्याची कॉइल प्रत्येक ठोक्याला थरथरते पण चाक सरकत नाही.

माजी_टेलिफोनवाला
मग निदान झालं. सुरू होताना मोटर चाकांना ठोके देत राहते, आणि प्रत्येक चाकावर शून्याला उघडणारा एक स्विच असतो. सगळे शून्य-स्विच उघडले की यंत्राला कळतं की पाटी कोरी झाली. तुमचं शंभराचं चाक शून्याला पोचत नाही, म्हणून बिचारं ठोके देत बसलंय. बिघडलेलं नाही, उलट इमानदारीने काम करतंय.

खात्री करायची तर प्लग काढा, ते चाक हाताने एकेक घर ढकलत शून्यावर आणा, मग स्टार्ट द्या. मोटर थांबली तर दोष त्या चाकाच्या हालचालीतच. कॉइल दांडा ओढते, स्प्रिंग त्याला परत नेते, त्या जाण्यायेण्यात चाकाचा दात एक घर पुढे जातो. दांडा परत येत नसणार. पैज लावतो, कुणीतरी पूर्वी तेल घातलंय.

दर्यावर्दी_६८
उशिरा आलो. माझं वेगळंच.

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनात होतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अँटवर्पला बोट लागली की आम्ही पोरं बंदराजवळच्या कॅफेत जायचो. बियर महाग, त्यामानाने फ्लिपर स्वस्त. तिकडे पिनबॉलला फ्लिपरच म्हणत. एक फ्रँक वाचवायचा तर एकच मार्ग, फुकटचा गेम मिळवणं. ठरावीक गुण झाले की मशीनच्या आत लाकडावर हातोडी मारल्यासारखा एक जोरदार 'ठाक्' व्हायचा. अख्खा कॅफे वळून बघायचा. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती, पण त्या ठाक्‌ने कळायचं की ह्याला एक गेम लागला. आमच्यातला एक गोव्याचा फिटर होता, तो एका नाण्यावर संध्याकाळ काढायचा. त्याचं गुपित बोटांत नव्हतं, कमरेत होतं. मशीनला असा नेमका धक्का द्यायचा की चेंडू वाट बदलायचा, पण टिल्ट लागायचा नाही.

गप्पिष्ट
काका, टिल्ट म्हणजे?

दर्यावर्दी_६८
मशीन फार हलवलं की चेंडू रद्द. आत ओळंबा लटकवलेला असतो, गवंड्याचा असतो तसाच पण छोटा, आणि त्याच्याभोवती एक लोखंडी कडं. हिसका जास्त बसला की ओळंबा कड्याला टेकतो, सर्किट पुरं होतं, सगळं मरतं. बोटीवर आमच्याकडे कलंडण मोजायचं साधन असायचं, त्यामुळे हे आम्हाला नवं नव्हतं!

एडिसनची_अनुजा
हा धक्का चालतो म्हणूनच पिनबॉल जुगार की कौशल्य हा वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला. थोडा इतिहास टाकते.

मूळ बॅगाटेल. चिमटा, तुमच्या घरी लहानपणी खिळे ठोकलेला फळा असेलच ना, स्प्रिंग ओढून गोळी सोडायची? ती ओढायची स्प्रिंग सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये पेटंट केली. १९३१ मध्ये शिकागोच्या गॉटलिबने बॅफल बॉल आणलं, मंदीच्या काळात पेनीत मजा. पाठोपाठ बॅली कंपनी. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर लाग्वार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली आणि स्वतः घण घेऊन मशीनं फोडतानाचे फोटो काढून घेतले.

आता गंमत बघा. त्या वेळी फ्लिपर अस्तित्वातच नव्हते! चेंडू सोडला की धक्के देत बघत बसायचं. त्यामुळे 'हा नशिबाचा खेळ' असं महापौर म्हणाले तर अगदीच खोटं नव्हतं. फ्लिपर आले १९४७ ला, गॉटलिबच्या हंप्टी डंप्टीवर, हॅरी मॅब्जच्या डिझाइनमध्ये. तेही सहा, दोन्ही बाजूंना. खाली आजच्यासारखे दोन फ्लिपर ठेवायची कल्पना पुढच्या वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने जेन्को कंपनीच्या मशीनवर वापरली. खेळ बदलला, कायदा मात्र तोच राहिला. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पर्यंत. शेवटी रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीन खेळून दाखवलं. स्प्रिंग ओढताना सांगितलं की चेंडू वरच्या मधल्या वाटेतून जाईल, आणि गेला. बंदी उठली.

चिमटा
न गेला असता तर?

टवाळ_तात्या
तर आज हा धागा 'पिनबॉल: एक विसरलेला मटका' असा असता.

खाडीपल्याड
अनुजा, ह्यात अजून एक. बंदी उठली १९७६ ला आणि एकदोन वर्षांत चिपवाली मशीनं आली. १९७९ पर्यंत ही जुनी पद्धत बनवायचीच बंद झाली. म्हणजे न्यूयॉर्कच्या पोरांना राजरोस खेळायला मिळेतो यांचा जमाना संपत आलेला.

सोनचाफा
यंत्राबद्दल इतकं बोलताय, चित्रांबद्दल कुणी बोलेना, म्हणून परत आले. मी व्यवसायाने ग्राफिक डिझायनर.

मागच्या उभ्या डब्याची चित्राची काच आहे ना, ती आधी नीट बघा. चित्र काचेच्या मागच्या बाजूला उलटं छापलेलं असतं, एकेक रंग स्क्रीनने. म्हणजे जे सगळ्यात पुढे दिसायला हवं, म्हणजे काळ्या रेघा, ते सगळ्यात आधी छापायचं. जिथून उजेड यायला हवा तिथे रंग पातळ ठेवायचा. गॉटलिबसाठी चित्रं काढणारे आधी रॉय पार्कर, नंतर गॉर्डन मॉरिसन. मॉरिसनची सत्तरच्या दशकातली पत्त्यांची आणि पोहण्या-खेळण्याची चित्रं मला फार आवडतात, चेहरे कसे सगळे वेगळ्या दिशांना बघत असतात. ख्रिश्चन मार्शची टोकदार माणसं तर दुरून ओळखू येतात, सगळी कोपरं आणि नाकं कागदी विमानासारखी. स्त्रियांचं चित्रण म्हणाल तर बऱ्याचदा बारमधल्या पुरुषांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. तरी रेषा अस्सल आहे.

दुर्दैव असं की काचेमागे तापणारे छोटे दिवे असतात. उष्णतेने आणि दमटपणाने रंग सुटतो आणि पापुद्रे पडतात. मिशिगनकर, काच मागून पुसायला जाऊ नका, फडक्याला चित्र येईल!

मिशिगनकर
सोनचाफाताई, नेमकं वेळेवर सांगितलंत. फडकं हातात होतं.

आणि काका, पैज जिंकलात. चाक हाताने शून्यावर आणलं, स्टार्ट दिला, मोटर अर्ध्या फेऱ्यात थांबली आणि पहिला चेंडू 'थप्प' करून बाहेर आला. मग शंभराचं युनिट काढलं. दांड्याच्या खोबणीत पिवळट, चिकट थर, काकवी आटवून घातल्यागत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, इअरबडने खोबण साफ केली, कोरडंच परत बसवलं. आता बोटाने दांडा ओढून सोडला की 'टिक्' करून परत येतो. रात्री साडेअकराला पहिला पूर्ण गेम खेळलो. बायको उठून आली. मला वाटलं ओरडणार, तर म्हणाली, सरक.

माजी_टेलिफोनवाला
शाब्बास! आता एक करा. मोठ्या नकाशाची (सर्किट डायग्राम) छपाई मिळवा आणि भिंतीला लावा. एकेक बिघाड त्यावर बोट ठेवून शोधायचा. स्विचच्या टोकांना सॅंडपेपर मात्र लावू नका, चांदीचा थर जाईल. फारतर पातळ कानस, नाहीतर जाड कागदाची पट्टी मध्ये धरून ओढा.

चिमटा
मी सगळ्यात आधी टोमणा मारला होता, म्हणून विचारायला थोडी लाज वाटते. असलं मशीन पुण्यात आणायचं तर? मित्रासाठी विचारतोय.

टवाळ_तात्या
'मित्र' कोण ते सर्व पुणेकरांना कळलेलं आहे.

माजी_टेलिफोनवाला
चिमटा, येईल पण विचार करून. अमेरिकेतलं मशीन ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचं भागेल, ५० हर्ट्झचं नाही. आतली मोटर साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल, म्हणजे ते पाच ठोके थोडे रेंगाळत पडतील. मशीनमधला ट्रान्सफॉर्मरही जास्त तापेल. त्यापेक्षा युरोपात निर्यात झालेलं बघा. फ्रान्स आणि इटलीत ही मशीनं भरपूर गेली, ती तिकडच्या विजेसाठीच केलेली. वजन शंभर किलोच्या पुढे धरा, पाय आणि मागचा डबा सुटा होतो. पावसाळ्यात चेंडू गंजतो, आणि गंजका चेंडू फळ्याचा रंग खरवडतो. तो बदलत राहायचा.

दर्यावर्दी_६८
कोकणात आणू नका. आमच्याकडे बिजागऱ्या टिकत नाहीत.

नव्वदीतला
भांडायला परत आलो, पण अर्धवट तयारीने. सोनचाफांच्या सांगण्यावरून एक खेळाडूचं मशीन शोधून खेळलो, गॉटलिबचं पत्त्यांचं. शेवटच्या चेंडूला एकच टार्गेट उरलं होतं. ते काही पडलं नाही. मग नाणं टाकलं. मग परत टाकलं.

माझं मत बदललेलं नाही, नव्वदची मशीनं जास्त खोल आहेत. फक्त एक जाणवलं ते सांगतो. १९९२ पासून विल्यम्स कंपनीच्या मशीनांवर बटण दाबलं की आधी कॉम्प्युटरला कळायचं, मग तो फ्लिपर उचलायचा. आपल्याला फरक कळत नाही इतकं जलद. ह्या जुन्यात बटणाच्या मागच्या पट्ट्या चिकटल्या की कॉइलचा पूर्ण करंट तिथूनच जातो. फ्लिपर वर गेला की टोकाचा एक स्विच उघडतो आणि करंट कमी होतो, नाहीतर कॉइल जळेल. तो बारीकसा 'झुंम्' बोटाला जाणवतो. मधे कुणी नाही.

खाडीपल्याड (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

चिमटा यांचं 'उसना नॉस्टॅल्जिया' काही प्रमाणात लागू असेल, नाकारत नाही. पण टेलिफोनवाले काका आणि आत्ता नव्वदीतला बोलले त्यावर मी अडकलोय. दिवसभर मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात आवाज, हालचाल, बटण दाबल्याचा भास हे सगळं नंतर कुणीतरी ठरवून घातलेलं असतं. ह्या मशीनमध्ये खटका वाजतो कारण खटका पडतो. तो आवाज कुणी लावलेला नाही, काढायचा म्हटला तरी निघणार नाही. माझी ओढ तिथे आहे असं मला आज वाटतंय. पुढच्या भेटीत काच उघडी असताना कुणी दुरुस्ती करत असेल तर खेळ सोडून तिथेच उभा राहणार आहे.

एडिसनची_अनुजा
न्यू जर्सीकरांनो, ॲसबरी पार्कला समुद्राकाठच्या फळीवाटेवर सिल्व्हरबॉल नावाचं आर्केड आहे, तिथेही जुनी मशीनं खेळता येतात. पुढच्या महिन्यात कट्टा करू या का? डबे मी आणते, पण तेलकट हात मशीनला लावायचे नाहीत.

गप्पिष्ट
मी येतो. तेल घरी ठेवून येतो.

मिशिगनकर
काका, नवा बिघाड. गेम संपल्यावर मशीन एक आकडा दाखवतं आणि तो आपल्या गुणांच्या शेवटच्या आकड्यांशी जुळला तर फुकट गेम देतं ना? आमचं मशीन दर वेळी 'ठाक्' करून फुकट गेम देतंय. जुळो न जुळो. कुठला स्विच चिकटला असेल?

माजी_टेलिफोनवाला
कुठलाही असो. हात लावू नका.